बाहेर ठेवलेलं कासव : कुंपण, निवारा आणि रात्रीची ऊब

अंगणवेल
हर्मन जातीची मादी आहे. वजन ९०० ग्रॅम, पाठीच्या ढालीची लांबी १७ सेंमी. सध्या घरात उघड्या पेटीत दिव्याखाली असते, आता कायमची बाहेर हलवायची आहे. जागा ४ × २.५ मीटर, त्यातल्या निम्म्या भागावर दुपारनंतर सावली येते. चार शंका आहेत.
१. कुंपण किती उंच हवं, आणि जमिनीखाली किती? तारेची जाळी चालेल का?
२. सध्या तिथे हिरवळ आहे. ती तशीच ठेवू की काढू?
३. रात्रीसाठी साधी लाकडी पेटी पुरेल, की हीटर लागेलच?
४. एक हॉर्सफील्ड नर मिळतो आहे. त्याच जागेत ठेवला तर चालेल?

मातीकाम
पहिल्या दोन शंकांवर लिहितो.

जाळी नको. पलीकडचं दिसत असलं की कासवाला तिथे जाता येईल असंच वाटत राहतं. दिवसभर ते जाळीला नाक घासत येरझारा घालतं, चोचीजवळ जखमा होतात, आणि हर्मन तर चढण्यात पटाईत असल्यामुळे नख्या अडकवून वरही जातं. भिंत अपारदर्शक हवी : वीट, फरशी, जाड फळी, काहीही. तुमच्या मादीसाठी जमिनीवर ४० सेंमी आणि खाली २० ते ३० सेंमी पुरे. हॉर्सफील्ड असता तर खाली ३० म्हणजे किमान, कारण ती जात खणणारी आहे. सल्काटा या अवाढव्य आफ्रिकी जातीचा हिशोबच निराळा. त्याची बिळं कित्येक मीटर लांब जातात, तिथे जमिनीखाली खोल भिंत बांधण्यापेक्षा खणायची जागा आपणच ठरवून देणं शहाणपणाचं.

कासवं पळतात ती बहुतेक वेळा कोपऱ्यातून. दोन भिंतींचा आधार मिळाला की ते उभं राहतं आणि पाय रेटून वर सरकतं. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर आतल्या बाजूला १५ ते २० सेंमीची आडवी फळी ठोका, किंवा कोपरा तिरक्या फळीने छाटून टाका. भिंतीपासून ४० सेंमीच्या आत दगड, कुंडी, ओंडका काही ठेवायचं नाही, त्याची पायरी होते. फाटक असेल तर त्याचा उंबरा पक्का हवा. फाटकाखालची दोन बोटांची फट आज निरुपद्रवी दिसते, पाऊस पडून माती वाहिली की तीच रस्ता बनते.

हिरवळ. सपाट, कातरलेली हिरवळ कासवाच्या कामाची नसते. ती ओल धरते, जमिनीलगतची हवा थंड ठेवते आणि लपायला काहीच देत नाही. एक कोपरा राहू द्या, बाकी उकरा. ३० सेंमी खणून तळाला १० सेंमी खडी, तिच्यावर पाणी झिरपू देणारं कापड आणि वर माती-वाळू ६०:४०. खडी वर उघडी राहता कामा नये, बारीक गोटे कासवं गिळतात आणि आतडं अडतं. सकाळचं ऊन पहिल्यांदा जिथे पडतं तिथे याच मिश्रणाचा ४०-५० सेंमी उंच, सौम्य उताराचा ढीग करा. तिरप्या उन्हात उतार सपाट जमिनीपेक्षा लवकर तापतो, आणि पुढे मादीला अंडी घालायलाही तोच लागेल. रोझमेरी, लॅव्हेंडरसारखी दाट झुडपं तीन-चार ठिकाणी लावा. त्यांच्या बुडाशी असलेल्या सावलीत दुपारी जमीन उघड्या मातीपेक्षा कितीतरी थंड असते. शेडनेटची सावली त्या मानाने फसवी, खालची हवा तापलेलीच राहते.

खतं, कीटकनाशकं आणि गोगलगाई मारायच्या गोळ्या आतही नकोत, शेजारच्या वाफ्यातही नकोत. आणि आवारात गवत कापायचं यंत्र फिरवण्याआधी कासव हातात घेऊन बाजूला ठेवायचं. ‘ते तिकडे झोपलंय’ यावर विसंबायचं नाही.

उलटेपालटे
मातीकामांनी दगडांचा मुद्दा घेतलाच आहे, त्यात भर. उभ्या कडेचा दगड किंवा विटेची पायरी असेल तर कासव चढताना पाठीवर पडतं. उन्हात पाठीवर पडलेलं कासव काही तासांत मरू शकतं : अंग तापत जातं, सावलीत जाता येत नाही, आणि पोटातल्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो, कारण फुप्फुसं पाठीच्या ढालीला लागून असतात. ठेवायचेच असतील तर पसरट, जमिनीत निम्मे गाडलेले दगड ठेवा. उघड्या भागात मधूनमधून गवताचे झुबके असले की पाय रेटायला आधार मिळतो आणि बरीच कासवं स्वतःहून सरळ होतात.

थर्मामीटर
तिसरी शंका. नुसती लाकडी पेटी पुरत नाही. हीटरही लगेच लागत नाही. या दोन्हींच्या मधली गोष्ट लागते : ऊन साठवणारी पारदर्शक छताची पेटी.

कासव शरीरात उष्णता तयार करत नाही, जागा बदलून मिळवतं. अंगाचं तापमान ३० अंशांच्या आसपास आलं की ते नीट चरतं, पचवतं, रोगाशी लढतं. बाहेर १६ अंश आणि ढग असतील तर उघड्यावर ते कधीच तिथपर्यंत पोचत नाही. अर्धवट गरम होऊन चार घास खातं आणि ते पोटात तसेच पडून राहतात. लागोपाठ असे आठ-दहा दिवस गेले की मग नाक वाहणं सुरू होतं. थंडीपेक्षा हे अर्धवट दिवस जास्त वाईट.

तर पेटी. किमान १०० × १२० सेंमी, मागची भिंत ६० सेंमी, पुढची ४०. छत १० मिमी जाडीच्या दुहेरी भिंतीच्या पॉलिकार्बोनेटचं. तळ उघडा, थेट मातीवर, फक्त पेटी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५-७ सेंमी उंच बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत तळं होईल. दार ढालीच्या उंचीपेक्षा थोडं मोठं, त्याला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या. आतल्या मागच्या तिसऱ्या भागात लाकडी झोपायची खोली, तिथे २० सेंमी सैल, किंचित दमट माती. कासवाला मातीत रुतून बसायचं असतं. कोरड्या गवतात बसून त्याच्या अंगातलं पाणी मात्र उडतं.

धोका उलट्या बाजूचा आहे. भर उन्हात बंद पेटी अर्ध्या तासात ४५ अंशांवर जाते आणि अंगाचं तापमान चाळिशीपार गेलं की कासव वाचणं कठीण. म्हणून छताला मेणाच्या नळीवर चालणारा आपोआप उघडणारा दांडा लावायचाच. नळीतलं मेण तापून फुगतं आणि झाकण उचलतं, वीज लागत नाही. साधारण २५ अंशांपासून उघडायला लागेल असा तो फिरवून ठेवा. दांड्याची उचलण्याची ताकद झाकणाच्या वजनाशी ताडून घ्या. कमी पडला तर झाकण अर्धवट उघडतं आणि आपण निर्धास्त राहतो.

ढगाळ दिवसांसाठी आत ८० ते १०० वॅटचा हॅलोजन फ्लड दिवा, ढालीपासून ३५-४० सेंमीवर. आकडा दिव्याच्या खोक्यावरून घेऊ नका. ढालीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून ३२ ते ३५ अंश येईपर्यंत दिवा वरखाली करा. दिवा साखळीला टांगायचा आणि शिवाय दुसऱ्या तारेने बांधायचा. नुसत्या क्लिपवर लावलेला दिवा पडला तर खालचं गवत पेटतं. बाहेरची जोडणी पाणीरोधक पेटीत, आणि त्या लाइनवर ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच.

काच आणि साधं पॉलिकार्बोनेट उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवतात. पेटीतलं ऊन ऊब देतं, ड जीवनसत्त्व देत नाही. तिला बाहेर पडून थेट ऊन घेता आलं पाहिजे. आठवडेच्या आठवडे ऊन नसेल तर आत १२ टक्के यूव्हीबी देणारी टी-५ ट्यूबलाइट लावा.

रानवाटा
रात्रीसाठी सिरॅमिक हीटर लावून १८ अंशांवर ठेवलं तर जास्त सुरक्षित नाही का? बऱ्याच ठिकाणी तसं सुचवलेलं दिसतं.

थर्मामीटर
निरोगी, प्रौढ हर्मनला हंगामात रात्रीचा हीटर नको असं माझं मत. दिवसा ३० मिळत असतील तर रात्री ८-१० अंशांपर्यंत उतरलेलं त्याला चालतं, किंबहुना तेच त्याच्या मूळ प्रदेशातलं चक्र आहे. रात्री ऊब आणि दिवसा गारठा ही जोडी घातक. हीटर राखून ठेवा आजारी, अशक्त आणि लहान पिलांसाठी, आणि हिमतुषार पडतील अशा अवेळी रात्रींसाठी थर्मोस्टॅट ५-६ अंशांवर लावून.

उष्ण प्रदेशातल्या जातींना हा नियम लावू नका. सल्काटा, लेपर्ड, लालपायी, स्टार यांना रात्रीचीही ऊब लागते आणि शीतनिद्रा त्यांच्यात नसतेच.

जाडभिंत्या
सल्काटाच्या रात्रीच्या खोलीचं माप विचारणारे नेहमी येतात, म्हणून इथेच देतो. एका प्रौढासाठी १२० × १२० सेंमी, उंची ६०. भिंत, छत आणि तळ, तिन्ही ठिकाणी १८ मिमी प्लायच्या दोन थरांमध्ये ४०-५० मिमी फोम. फोम आतून कुठेही उघडा राहू देऊ नका, कुरतडून गिळतो. दाराला जाड पट्ट्यांचे दोन पडदे, एकमेकांवर अर्धे चढवून. छत बिजागरीचं, नाहीतर चाळीस किलोचं कासव कोपऱ्यात बसलं की साफसफाई विसरा.

उबेसाठी कडेला तेल भरलेला छोटा रेडिएटर, त्याच्यापुढे भक्कम लाकडी कठडा, आणि वर सपाट उष्णता-पट्टी. दोन्ही थर्मोस्टॅटवर, साधारण २६ अंश. छताला एकच तापदिवा लावण्याची चूक फार होते. मोठ्या कासवाची पाठ रुंद असते. दिव्याच्या खालचा ढालीचा तळहाताएवढा भाग भाजतो आणि पोट-पाय गारच राहतात. अंगाला ऊब मिळत नाही म्हणून कासव तिथेच बसून राहतं, भाजणं आणखी वाढतं. संपूर्ण खोलीची हवा गरम केली की हा प्रश्नच येत नाही. कोपऱ्यात पाण्याचा टब ठेवला तर हवा कोरडी पडत नाही.

सरीसृप_ओपीडी
चौथी शंका : नाही. वेगवेगळ्या जाती एकत्र नकोत, आणि मुळात ही जोडी नको.

एका जातीला न बाधणारा नागीण-गटातला (हर्पीस) विषाणू दुसऱ्या जातीला मारू शकतो. हर्मनसारख्या भूमध्य सागरी जाती आणि हॉर्सफील्ड यांच्यात हे बरेच पाहिलं जातं. तोंडात पिवळट थर, लाळ, मान सुजणं, मग खाणं बंद. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू म्हणजे दुसरा त्रास. नाक वाहतं, बरं झाल्यासारखं वाटतं, ताण आला की परत उद्भवतं, आणि असं कासव कायमचं वाहक राहतं. त्याच जातीचं कासव आणलं तरी सहा महिने वेगळ्या आवारात, वेगळ्या भांड्यांनी ठेवा, आणि रोज जुन्या कासवाचं सगळं झाल्यावर शेवटी त्याला हात लावा. मधे विष्ठा तपासून घ्या.

शिवाय एक नर-एक मादी ही सगळ्यात वाईट संख्या. नर दिवसभर मागे लागतो, पाय चावतो, ढालीवर आदळतो. मादी खाणं सोडून कोपऱ्यात बसते. एकटं कासव एकटेपणाने झुरत नाही. नर ठेवायचाच तर तीन-चार माद्या आणि त्या प्रमाणात जागा.

बाहेरच्या कासवांत जंत सहज होतात, थोडे असले तर बिघडत नाही. औषध लागलंच तर बहुतेकदा फेनबेंडाझोल, मात्रा वजनावरून डॉक्टर ठरवतील. आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही द्यायचं नाही. कुत्र्याचं-गुरांचं औषध घरात असतं म्हणून कोणी देतं. कासवांत ते मज्जासंस्थेत जाऊन लुळेपणा आणतं आणि जीव घेतं.

उन्हाळ्यात शेपटीखाली विष्ठा चिकटली असेल किंवा कुठे जखम असेल तर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. रोज उचलून मागची बाजू बघा. तोंड उघडून, मान ताणून श्वास घेत असेल तर वाट पाहू नका. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे न्यूमोनिया आतल्या आत वाढतो.

कुत्रं कितीही शांत असलं तरी त्याला आवारात एकटं सोडू नका. त्याला ढाल हाडासारखीच वाटते. ढाल भोकं पाडून बांधायची नाही, रंगवायची नाही. ती जिवंत हाड आहे. ओळखीसाठी मायक्रोचिप बसवून घ्या. आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात, साल्मोनेलासाठी.

रानवाटा
लालपायी आणि स्टार यांचा उल्लेख आलाय म्हणून : स्टार कासव बाहेर ठेवण्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का?

धागापाल
स्टार कासव २०१९ पासून साइटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. भारतातल्या वन्यजीव कायद्यात ते पाळता येत नाही. या धाग्यात त्यावर पुढे चर्चा नको. बाकीच्या जातींनाही जिथे राहता तिथली कागदपत्रं लागतात, ती आधी बघा.

चाराघास
खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. नियम तसा एकच : भरपूर चोथा, कमी प्रथिनं, कमी साखर, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट. आवारातच तणं उगवू द्या. डँडेलियन आणि त्याच्या कुळातली पाथरीसारखी तणं, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढून फड्या निवडुंग. यावर हर्मन उत्तम वाढते. सल्काटा आणि लेपर्ड यांना मुख्यतः गवत आणि वाळलेलं गवत.

फळं हर्मनला नकोत. साखरेने आतड्यातले जंतू बदलतात, पातळ विष्ठा होते, जंत फोफावतात. लालपायी हा अपवाद, त्याला थोडी फळं लागतात. डाळी, कडधान्यांचे वेल, कुत्र्याचं खाणं, सगळं बाद. पालक आणि घोळ अधूनमधून चालतात, रोज नको, ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. काकडी म्हणजे पाणी, तिच्यावर पोट भरतं आणि मिळत काही नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) आवारात ठेवून द्या, मागची कडक बाजू खरवडून. लागेल तेव्हा ती स्वतः चावते, विशेषतः अंडी तयार होताना.

लावायला नकोत : कण्हेर, घाणेरी, एरंड, डिफेनबेकिया, डॅफोडिल, डिजिटॅलिस, रोडोडेंड्रॉन, आवोकाडो.

रानवाटा
समुद्रफेस असताना वर कॅल्शियमची पूड टाकायला नको असं म्हणायचंय का?

चाराघास
थेट ऊन आणि तणं मिळणाऱ्या प्रौढाला नको. वाढत्या पिलांना आणि अंड्यावरच्या मादीला आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर साधं कॅल्शियम कार्बोनेट. ड-३ घातलेली पूड बाहेर राहणाऱ्यांना टाळा, ऊन ते काम करतं.

थर्मामीटर
पिलं असतील तर ढालीवरचे उंचवटे हा विषय येतोच. दोष नेहमी प्रथिनांवर ढकलला जातो. २००३ साली सल्काटाच्या पिलांवर छापून आलेल्या अभ्यासात मात्र हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम ठळक निघाला, प्रथिनांचा किरकोळ. वाढणारं केराटिन कोरडं पडून ताठरतं आणि ढाल वर उचलली जाते. उपाय : झोपायची जागा दमट, आणि कोरड्या दिवसांत आंघोळ. झालेले उंचवटे नंतर बसत नाहीत, नवीन वाढ तेवढी सपाट येते.

पाणवठा
पाण्याचं भांडं जमिनीत गाडून काठ मातीच्या पातळीला आणा, खोली हनुवटीपर्यंत, काठ खरखरीत आणि उताराचे. रोज धुवा, कारण तिथेच शी करतात. प्रौढ कासवाला कोरड्या हवेत आठवड्यातून एकदा-दोनदा २८-३० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. लघवीतला पांढरा भाग बघत चला. टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत लागला की पाणी कमी पडतंय. दुर्लक्ष झालं तर मूत्राशयात खडा होतो आणि तो शस्त्रक्रियेनेच निघतो.

अंगणवेल
खूप आभार. हॉर्सफील्डचा विचार सोडला. दोन गोष्टी राहिल्या : थंडीत काय करायचं? आणि मातीकामांनी अंड्यांचा उल्लेख केलाय, पण ती तर एकटीच आहे.

शीतपेटी
थंडीचं मी सांगतो. हर्मनला शीतनिद्रा हवी, पण फक्त वजनदार आणि निरोगी असेल तर. आधी तपासणी आणि विष्ठेची चाचणी. बागेत खड्ड्यात पुरणं टाळा. उंदीर पाय कुरतडतात, पाणी साचतं, आणि मधे ऊन पडलं की ती अर्धवट जागी होते.

९०० ग्रॅमच्या मादीला आधी तीन आठवडे उपाशी ठेवायचं, पण या काळात दिव्याखालची ऊब आणि आंघोळ चालूच. हेतू आतडं रिकामं करण्याचा आहे. उरलेलं अन्न थंडीत कुजतं. ऊब बंद करून उपाशी ठेवलं तर आतडं हलतच नाही आणि सगळं वाया जातं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत तापमान हळूहळू खाली.

मग फ्रिज, आत बर्फाचा कप्पा नसलेला, आधी पंधरा दिवस रिकामा चालवून बघितलेला. तापमान ५ अंश. ३ ते ७ मध्ये हललं तरी चालेल. शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जातात, १० च्या वर गेलं तर साठवलेली चरबी जळते. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की तापमान डळमळत नाही. भोकं पाडलेल्या डब्यात किंचित दमट माती, डबा मागच्या भिंतीला टेकवायचा नाही. रोज मिनिटभर दार उघडून हवा बदला. स्वतंत्र संवेदकाचा थर्मामीटर डब्यातच.

वजन आठवड्याला. महिन्याला एक टक्का घट ही ठीक. एकूण घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली तर उठवा. माती लघवीने भिजलेली दिसली तर त्याच दिवशी उठवा, कारण तिने पाण्याचा साठा सोडलेला असतो. पहिल्या खेपेला ८ ते १० आठवडे पुरेत. उठवल्यावर काही तास खोलीत, मग दिव्याखाली, मग कोमट पाणी. पहिल्या दिवशी प्यायला हवी, आठवड्यात खायला हवी. आठवडा उलटूनही खात नसेल तर डॉक्टर.

मातीकाम
अंडी एकटी मादीही घालते, ती फलित नसतात. आधी कधी नराबरोबर राहिली असेल तर मात्र शुक्राणू काही वर्षं शरीरात टिकतात, त्यामुळे खात्री देता येत नाही.

लक्षणं : खाणं कमी, दिवसभर भिंतीकडेने फिरणं, मागच्या पायांनी जागोजागी खणून सोडून देणं. जागा पसंत पडली नाही की अंडी अडतात, आणि अडलेली अंडी जीवावर येतात. म्हणून त्या ढिगात किमान २५ सेंमी सैल माती-वाळू, वरच्या थराखाली दमट, आणि ऊन. पावसाचे दिवस असतील तर ढिगाचा थोडा भाग पेटीच्या छताखाली येईल असा करा. खणत असताना मधे जायचं नाही, ती काम अर्धवट टाकते. दोन आठवडे खणते आहे आणि अंडी नाहीत, किंवा मागचे पाय ओढते आहे, तर क्ष-किरण काढा. अंड्याची कवचं स्पष्ट दिसतात. कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिनची सुई डॉक्टरनेच द्यायची. अंडं फुटलेलं किंवा वाट अडवून बसलेलं असेल तर ऑक्सिटोसिनने आतलं फाटतं.

घालून झाली की तिला कोमट पाण्यात बसवा, समुद्रफेस जवळ ठेवा आणि वजन लिहून ठेवा. पिलं नको असतील तर अंडी त्याच दिवशी उकरून फ्रीझरमध्ये टाका. ढिगातली माती परत सैल करून ठेवा, कारण तीन-चार आठवड्यांनी ती दुसऱ्यांदा घालू शकते.